संध्याकाळ आधी ठरवा: साउथ डकोटा ओलांडण्याचा दिवस

शिकागो, मिलवॉकी, मिनियापोलिसच्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीचा एक बेत कधी ना कधी शिजतोच. भारतातून आईबाबा आलेले असतात, मुलांच्या शाळा बंद असतात आणि यलोस्टोन बघायचे राहिलेले असते. सहा जणांची विमानाची तिकिटे आणि वर तिकडे भाड्याची गाडी हा खर्च कागदावर मांडला की मिनीव्हॅनच बरी वाटू लागते. वाटेत माउंट रशमोरही होतो. मग नकाशावर बोट फिरवताना मध्ये साउथ डकोटा येतो आणि घरातले मुख्य ड्रायव्हर म्हणतात, "इथे काही नाहीये. हा पट्टा झोपेत काढू."

गाडीच्या बाबतीत झोपेची भाषा तशीही बरी नाही. पण माझा आक्षेप दुसराच आहे. या उत्तरेकडच्या मैदानांतला दिवस फुकट जातो, कारण तो चुकीच्या टोकाकडून आखलेला असतो. सकाळी कितीला निघायचे ते आपण ठरवतो, वाटेतले थांबे ओवत जातो आणि संध्याकाळी जिथे पोचू तिथे पोचू म्हणतो. या रस्त्यावर उलटे करा. आधी संध्याकाळ ठरवा: पाचच्या सुमारास बॅडलँड्स नॅशनल पार्कात शिरायचे आणि सूर्य मावळेपर्यंत तिथेच राहायचे. बाकीचा दिवस तिथून मागे मोजत आणा.

कारण साधे आहे. बॅडलँड्स म्हणजे पाण्याने कोरून काढलेले मातीचे सुळके आणि घळया. त्यांच्या अंगावर थरांचे पट्टे आहेत: पांढरट, राखी, गुलाबी, पिवळे. भर दुपारी, उन्ह डोक्यावर असताना, हे पट्टे पुसल्यासारखे होतात आणि समोर नुसता राखेचा ढीग उरतो. जुलैत पारा कधी कधी शंभर फॅरनहाइटच्या वर जातो. दुपारी एकला पोचलेली मंडळी पहिल्याच कठड्यापाशी दोन फोटो काढतात, "एवढंच का?" म्हणतात आणि एसीत जाऊन बसतात. तेच सुळके संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा. प्रत्येक थर वेगळा दिसतो, घळयांत सावल्या भरतात आणि हरणे, रानमेंढ्या बाहेर पडतात.

आता हिशेब. शिकागोहून सू फॉल्स साधारण पावणेसहाशे मैल, म्हणजे पुरता एक दिवस. मिनियापोलिसहून ते अडीचशे मैलांच्या आत आहे. दोन्हीकडून येणाऱ्यांनी पहिला मुक्काम सू फॉल्सलाच करावा. मिनियापोलिसकरांना एकाच दिवसात बॅडलँड्स गाठायचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर ज्या संध्याकाळसाठी एवढा खटाटोप करायचा तिच्या वेळी गाडीतले सगळे पेंगत असतात. सू फॉल्सहून आय-९० या महामार्गाने पार्काचा फाटा सुमारे २७० मैलांवर आहे. वेगमर्यादा ताशी ८० मैल, म्हणजे जवळपास १३० किलोमीटर. नुसती गाडी हाकली तर चार तास. थांब्यांना आणखी चार तास धरा. सकाळी साडेआठला निघालात तर साडेचारला फाट्यावर. शिवाय मर्डो आणि कडोका या दोन गावांच्या मध्ये सेंट्रल वेळ संपून माउंटन वेळ सुरू होते, तेव्हा तिथल्या घड्याळात साडेतीनच वाजलेले असतात. जून-जुलैत तिथे सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो. म्हणजे तासभर जास्तीचा हातात असतो, तो कुठे खर्च करायचा ते पुढे येईलच. फोनचे घड्याळ आपोआप बदलते, गाडीतले बदलेलच असे नाही. आईबाबांच्या गोळ्यांच्या वेळा गाडीतल्या घड्याळावर ठेवू नका.

दुसरी एक सोय माहीत असली की दिवसभर "अजून किती?" या प्रश्नाला उत्तर देता येते. या राज्यात एक्झिटचे आकडे मैलांवर बेतलेले आहेत आणि ते पश्चिम सीमेपासून सुरू होतात. सू फॉल्स सोडताना आकडा चारशेच्या जरा आत असतो, मिचेल ३३२, चेंबरलेन २६३, मर्डो १९२, कडोका १५०, बॅडलँड्स १३१, वॉल ११०. समोरच्या पाटीतून १३१ वजा करा, तेवढे मैल उरले. मागच्या सीटवरच्या पोरांकडे ही वजाबाकी सोपवली की आयपॅड निदान अर्धा तास बाजूला राहतो.

सकाळी निघण्याआधी सू फॉल्सचा फॉल्स पार्क बघून घ्या. बिग सू नदी इथे गुलाबी क्वार्टझाइटच्या खडकांवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. गावातच आहे, चढउतार नाही आणि सकाळी गर्दी नसते. फक्त खडक ओले असले की विलक्षण निसरडे होतात, तेव्हा मुलांना काठापासून दूर ठेवा. अर्धा तास पुरे.

पुढचे सत्तर मैल मका आणि सोयाबीन. गावाकडे शेती बघितलेल्या बाबांना हा टप्पा कंटाळवाणा वाटत नाही. किती एकर, पाणी कुठून आणतात, माणसे कुठे दिसत नाहीत ती कशी, असे प्रश्न ते विचारत राहतात. त्यांना एक सांगून ठेवा: इथली जमीन मैल बाय मैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे. असा एक चौकोन म्हणजे ६४० एकर आणि शेतांमधले कच्चे रस्ते या चौकोनांच्या कडेने जातात. तेवढे कळले की खिडकीबाहेरचे सगळे दृश्य वाचता येऊ लागते.

मिचेलला कॉर्न पॅलेस आहे. पहिली इमारत १८९२ सालची, सध्याची १९२१ सालची. बाहेरच्या भिंतींवर खऱ्या मक्याची कणसे उभी चिरून खिळ्यांनी ठोकतात आणि त्यांच्या नैसर्गिक रंगांतून चित्रे उभी करतात. चित्रांचा विषय दरवर्षी नवा असतो. आत बास्केटबॉलचे मैदान आहे. माझे मत विचाराल तर बाहेरून बघण्यासारखा आहे, आतला वेळ वाचवा. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन कणसांचे दाणे बघा, तिथे पक्ष्यांनी टिपलेल्या जागाही दिसतात. लांबून नुसते चित्र दिसते. वीस मिनिटे, एक फोटो, चला.

खरा पहिला मोठा थांबा आहे चेंबरलेनचा. इथे महामार्ग मिझुरी नदी ओलांडतो आणि राज्याचे दोन भाग होतात. इथले लोकही ईस्ट रिव्हर आणि वेस्ट रिव्हर असेच बोलतात. हिमयुगातल्या बर्फाच्या लाद्या साधारण या नदीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी पूर्वेकडची जमीन घासून सपाट केली आणि वर सुपीक माती पसरली. पश्चिमेला तो हात फिरला नाही, पाऊसही तिकडे कमी. म्हणून पूल ओलांडला की मका मागे पडतो, टेकड्या उठतात, गवताळ कुरणे आणि गुरे दिसू लागतात. "इथे काही नाही" म्हणणाऱ्यांनी एवढा एक पूल जागेपणी ओलांडावा.

पुलाच्या अलीकडे, टेकाडावर, रेस्ट एरिया आहे. दुपारचे जेवण इथेच करा. खाली मिझुरीचे पात्र दिसते. धरणामुळे ते तळ्यासारखे रुंद झाले आहे. टेकाडावर 'डिग्निटी' नावाचा ५० फुटी पोलादी पुतळा आहे, २०१६ साली उभारलेला, शिल्पकार डेल लॅम्फियर. खांद्यांमागून तारा-नक्षीची गोधडी पसरून उभी असलेली ही एतद्देशीय स्त्री आहे. लकोटा आणि डकोटा समाजात अशी गोधडी मानाने दिली जाते, आपल्याकडे शाल-श्रीफळ देतात तशी. गोधडीत निळ्या रंगाचे शंभराहून जास्त चौकटी तुकडे बसवले आहेत आणि ते वाऱ्यावर हलतात. पुतळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहा, तुकडे थरथरताना नीट दिसतात. बहुतेक लोक समोरून फोटो काढून परततात. रेस्ट एरियातच लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेची माहिती मांडलेली आहे. १८०४ साली ते याच नदीने वर गेले.

ज्यांना थोडे जास्त जाणून घ्यायचे आहे त्यांनी चेंबरलेन गावातले अक्टा लकोटा संग्रहालय बघावे. मघाचा जास्तीचा तास खर्चायला याहून चांगली जागा या टप्प्यात नाही. आपण उद्या ज्या ब्लॅक हिल्समध्ये माउंट रशमोर बघणार, ते डोंगर १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने लकोटांकडे राहायचे होते. ते काढून घेणे बेकायदा होते असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली म्हटले आणि भरपाई मान्य केली. लकोटांनी ते पैसे आजवर घेतलेले नाहीत, त्यांना जमीन हवी आहे. हे ठाऊक असलेल्या माणसाला दगडातले चार चेहरे वेगळे दिसतात.

जेवणाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रवासात भांडणे इथूनच सुरू होतात. सू फॉल्स सोडले की शाकाहारी माणसाने रात्रीच्या मुक्कामाच्या रॅपिड सिटीपर्यंत हॉटेलच्या भरवशावर राहू नये. सबवे किंवा मेक्सिकन पद्धतीचे काहीतरी मिळेल, पण मेक्सिकन भात अनेकदा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो आणि घोटलेल्या बीन्समध्ये चरबी असू शकते. सूपही बहुधा मांसाच्या पाण्यातले. काउंटरवर "व्हेजिटेरियन आहे का?" असे विचारलेत तर मांसाचे तुकडे नाहीत एवढ्यावर 'हो' म्हणतील. थेट विचारा: चिकन ब्रॉथ आहे का, लार्ड आहे का. मांसाहारी मंडळींनी चिस्लिक जरूर खाऊन बघावे. मांसाचे छोटे तुकडे तळून किंवा भाजून देतात, या राज्याची खासियत आहे. मूळचे मटणाचे, पण बीफचेही करतात, तेव्हा आधी विचारा.

घरून न्यायचे तर दशम्या किंवा ठेपले, कोरडी दाण्याची चटणी, लोणच्याची छोटी बाटली आणि मेतकूट. दह्याचा डबा छोट्या दुकानांतही मिळतो, घरून न्यायची गरज नाही. पोळी-भाजीचे रोल फॉइलमध्ये आधीच गुंडाळून ठेवा. या रेस्ट एरियांवर बाके चांगली असतात पण वारा असा असतो की कागदी ताट हातात धरूनच जेवावे लागते. चिवड्याची पिशवी उघडी ठेवली तर तो नेब्रास्कात जाऊन पडेल. भात लावायला लहान इलेक्ट्रिक कुकर न्या, मात्र मोटेलच्या खोलीत फोडणी देण्याचा प्रयोग करू नका. धुराचा अलार्म वाजला की सगळे मोटेल बाहेर अंगणात येते आणि तुमच्याकडे बघते.

पाणी माणशी निदान तीन लिटर गाडीत असू द्या. इन्सुलिन किंवा उष्णतेने बिघडणारी औषधे उभ्या गाडीत विसरू नका. बंद गाडी दहा-पंधरा मिनिटांत तापते. आईबाबांना दर दोन तासांनी खाली उतरवून चालवा, ते "काही नको, चालू दे" म्हणाले तरी. मोठी इस्पितळे सू फॉल्सला आणि रॅपिड सिटीला आहेत, मधल्या पट्ट्यात अंतरे मोठी आहेत. म्हणून पायाला सूज, छातीत जडपणा असे काही सकाळीच जाणवले तर तिथेच दाखवा, वाटेत बघू म्हणू नका.

आता गाडी. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरा, पाव उरण्याची वाट बघू नका. काही एक्झिट नुसत्या शेतात उतरतात, तिथे पंप नसतो. पश्चिमेकडे आणखी एक गंमत आहे. तिथल्या अनेक पंपांवर सर्वांत स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचे असते. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलेले असते, तेव्हा सवयीने डावीकडचे बटण दाबण्याआधी आकडा वाचा. ई-८५ म्हणजे वेगळेच प्रकरण, त्यात बहुतांश इथेनॉल असते. ते फक्त फ्लेक्स फ्युएल गाडीत चालते. स्वस्त दिसले म्हणून भरू नका. शेवटची टाकी कडोकाला भरा, पार्काच्या आत पंप नाही.

८० ची मर्यादा म्हणजे ८८ चालते असे समजू नका. गस्तीची गाडी उतारावर उभी असते आणि सरळ रस्त्यावर तुम्ही तिला मैलभरावरून दिसता. डावी लेन पुढे जाण्यासाठी, गेलात की उजवीकडे या. बाजूच्या वाऱ्याने मिनीव्हॅन हलते, विशेषतः ट्रेलरच्या आडोशातून बाहेर पडताना. तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत. सरळ रस्ता, एकच वेग आणि क्रूझ कंट्रोल या तिघांनी मिळून दुपारी दोन-तीनच्या सुमारास डोळे जड होतात. त्यावर चहा हा उपाय नाही, ड्रायव्हर बदलणे हा आहे. भाड्याची गाडी असेल तर दुसऱ्या ड्रायव्हरचे नाव करारात आधीच घालून घ्या.

हवामानाकडे मुंबई-पुण्याच्या पावसाच्या नजरेने पाहू नका. उन्हाळ्यात दुपारनंतर इथे वादळी ढग उठतात आणि गारा पडतात. मर्डोच्या थोडे अलीकडे, याच महामार्गावर, व्हिव्हियन नावाचे गाव लागते. २३ जुलै २०१० रोजी तिथे पडलेली गार आठ इंच व्यासाची आणि ०.८८ किलोची होती. अमेरिकेतली ती नोंदलेली सर्वांत मोठी गार आहे. समोर काळानिळा ढग जमिनीला टेकलेला दिसला तर पुढच्या गावात, पंपाच्या इमारतीत जा आणि अर्धा-पाऊण तास बसून काढा. पुलाखाली थांबणे धोक्याचे आहे. चक्रीवादळात पुलाखाली वारा जास्त जोराने घुसतो, शिवाय मागून येणाऱ्यांचा रस्ता अडतो.

इथे प्रवाशाची एक वेगळीच अडचण होते. फोनवर वादळाची सूचना येते ती काउंटीच्या नावाने. "लायमन काउंटीत चक्रीवादळाचा इशारा" असे वाचून आपण विचारतो, लायमन कुठे आली? बहुधा आपण तिच्यातच असतो. म्हणून ही यादी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. सू फॉल्सकडून पश्चिमेला जाताना क्रमाने मिनेहाहा, मॅकूक, हॅन्सन, डेव्हिसन, ऑरोरा, ब्रूल, लायमन, जोन्स, जॅक्सन आणि पेनिंग्टन. हद्दीवर हिरवी पाटी असते, ती ओलांडली की पुढच्या नावावर बोट सरकवा. हे काम आजोबांकडे द्या, ते चोख करतात. हिवाळ्यात हा दिवस करूच नका. बर्फाच्या वादळात महामार्गाचे फाटक बंद करतात आणि मग आहात तिथे मुक्काम पडतो.

चेंबरलेननंतर वॉल ड्रगच्या जाहिराती दिसू लागतात, म्हणजे आधीपासूनच असतात, पण आता त्यांचे पीक येते. टेड आणि डोरोथी ह्युस्टेड या जोडप्याने १९३१ साली वॉल या छोट्या गावातले औषधांचे दुकान घेतले. गिऱ्हाईक फिरकेना. १९३६ साली त्यांनी महामार्गावर पाट्या लावल्या: बर्फाचे पाणी फुकट. तेव्हा गाड्यांत एसी नव्हता. लोक पाण्यासाठी वळले आणि दुकान पसरत पसरत अख्खी गल्ली झाले. पाणी आजही फुकट आहे आणि कॉफी पाच सेंटला. खरेदीत फार अर्थ नाही, कॉफी आणि डोनट घ्या आणि निघा.

एक्झिट १३१ ला उतरलात की उत्तरेला मिनिटमन क्षेपणास्त्रांचे माहिती केंद्र आहे. शीतयुद्धाच्या काळात या राज्याच्या कुरणांखाली अण्वस्त्रे बसवलेली १५० क्षेपणास्त्रे सज्ज होती. वर गाई चरत होत्या. केंद्र सरकारी वेळेत बंद होते, म्हणून चारच्या आत पोचलात तरच थांबा. चेंबरलेनचे संग्रहालय आणि हे, असे दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

दक्षिणेला वळलात की बॅडलँड्स. आतला लूप रोड सुमारे ३९ मैलांचा आहे आणि वॉल गावापाशी, एक्झिट ११० ला, परत महामार्गाला मिळतो. न थांबता तासाभराचा, थांबत तीन तासांचा. वाहनामागे तिकीट सात दिवस चालते. यलोस्टोनलाही जायचे असेल तर वार्षिक पासचा हिशेब आधी करा. जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतले रहिवासी आणि परदेशी पाहुणे यांचे दर वेगळे झाले आहेत, तेव्हा आईबाबा बरोबर असतील तर पार्क सेवेच्या संकेतस्थळावर नियम वाचून, रहिवासाचा पुरावा जवळ ठेवून निघा.

आत कुठे थांबायचे? पहिला बिग बॅडलँड्स कठडा. तिथून पुढे डोअर, विंडो आणि नॉच या तीन वाटांचे एकच वाहनतळ आहे. विंडो पाव मैलाची, लाकडी फळ्यांची आणि सपाट, व्हीलचेअरही जाते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हीच. डोअरची सुरुवात फळ्यांची, पुढे उघडी माती. नॉचला लाकडी ओंडक्यांची शिडी आणि पुढे कड्याची वाट आहे. उंचीची भीती असलेल्यांनी किंवा पाऊस पडून गेल्यावर कुणीच ती घेऊ नये. ही माती ओली झाली की साबणासारखी सुटते. फळ्यांच्या कडेला रॅटलस्नेकच्या पाट्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. गवतात किंवा कपारीत हात घालू नये.

पार्कात कुठेही, वाट सोडूनही चालायची मुभा आहे. मोठ्यांना हे स्वातंत्र्य वाटते, सहा वर्षांच्या मुलाला ते निमंत्रण वाटते. एक मोठा माणूस फक्त मुलांवर नेमा. मुलांना जीवाश्म दिसला तर उचलायचा नाही, जागा लक्षात ठेवून रेंजरला सांगायचे. २०१० साली सात वर्षांच्या एका मुलीला पार्काच्या माहिती केंद्राच्या जवळच अशीच एक कवटी दिसली, ती मांजरासारख्या दिसणाऱ्या एका खड्गदंती प्राण्याची निघाली. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती फोन ठेवून जमिनीकडे बघत चालतात. उन्हाळ्यात या माहिती केंद्रात जीवाश्म कसे साफ करतात ते बघायला मिळते.

पश्चिम टोकाकडे यलो माउंड्स येतात, हळदीच्या रंगाचे. कधीकाळी इथे समुद्र होता. तो हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर जंगल वाढले आणि मुळांनी त्याचा रंग बदलला. हे सगळे सुळके पावसाने वर्षाला साधारण एक इंच झिजतात. भूगर्भशास्त्राच्या मानाने ही घाईच म्हणायची.

पिनॅकल्स कठड्यापाशी सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. तिथूनच सेज क्रीक हा खडीचा रस्ता फुटतो. पाऊस झालेला नसेल तर त्यावर पाच-सहा मैल जा, प्रेअरी डॉगची वसाहत आणि बहुधा बायसन दिसतील. बायसनचा नर नऊशे किलोपर्यंत जातो आणि ताशी पस्तीस मैल वेगाने धावतो. शेपटी उंचावली की दूर व्हा असे तो तुम्हाला सांगत असतो. निदान शंभर यार्ड लांब राहा, सर्वांत चांगले म्हणजे गाडीतूनच बघा. प्रेअरी डॉग गोजिरवाणे असतात पण त्यांच्यावरच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो. शेंगदाणे टाकू नका, हात लावू नका.

अंधार पडल्यावर वॉलहून रॅपिड सिटीपर्यंत पन्नासेक मैल आहेत. या वेळी हरणे रस्त्यावर येतात. वेग साठ-पासष्टवर आणा. हरीण समोर आलेच तर ब्रेक दाबा आणि लेन धरून ठेवा. त्याला चुकवायला गाडी वळवली की ती उलटते. दमला असाल तर वॉललाच राहा. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळच्या स्टर्जिसमध्ये मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळा भरतो. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दर ऐकवत नाहीत. तारखा बघूनच रजा टाका.

आणि सूर्य मावळताना गाडीतून कुणीतरी "चला, उद्या रशमोरला लवकर निघायचंय" म्हणेलच. रॅपिड सिटीहून माउंट रशमोर जेमतेम पंचवीस मैलांवर आहे. त्यासाठी बॅडलँड्सची संध्याकाळ अर्धी टाकून उठायचे काही कारण नाही.